जरा वर घ्या

नको, नको, अहो, तो माईक पुढे सरकवू नका! जिथे आहे तिथेच राहू दे, मी ओरडून बोलतो... शेवटच्या रांगेत येतंय ना ऐकू? नसेल येत तर पुढे येऊन बसा, पण मी त्या दांडक्याला हात लावणार नाही म्हणजे नाही! ती वायर बघा. ती हो, तिथे, चिकटपट्टी गुंडाळलीय ती. का गुंडाळलीय? हौस म्हणून? वायरला चिकटपट्टी म्हणजे माणसाच्या डोक्याला बँडेज, आत काय झालंय ते विचारायची आपली छाती होत नाही... मी आल्या आल्या त्या पडद्यामागच्या गृहस्थांना विचारलं, "मेन बंद आहे ना?" तर म्हणतात, "काका, मेन बंद केलं तर माईक चालणार कसा?" घ्या! म्हणजे चालू आहे! आणि तुम्ही निवांत बसलायत, लोखंडी खुर्च्यांवर, पाय जमिनीला टेकवून!

हसा, हसा. माझी बायकोही हसते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणते. मी म्हणतो, अगं, ब्रह्मराक्षस परवडला, तो निदान समोर येऊन उभा राहतो, ही वीज दिसते का कुठे? वास आहे? आवाज आहे? भिंतीत बसलीय गुपचूप, दबा धरून, आणि वाट बघतेय की याचा हात कधी ओला होतो... मला भीती वाटते हो. सरळ सांगतो. साप, विंचू, पोलीस, बायकोची आत्या, कशाची नाही वाटत, विजेची वाटते.

आणि उगाच नाही वाटत. आमचं घर जुनं. वायरिंग घरापेक्षा जुनं. ते कसं शक्य आहे ते मला विचारू नका, पण बघितलंत तर तुम्हीही तेच म्हणाल. फ्रीज उघडायचा तर हाताला टॉवेल गुंडाळून. मोरीतल्या नळाला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या. पावसाळ्यात तर हॉलमधल्या भिंतीला नुसती पाठ टेकली तरी माणूस ताजातवाना होऊन उठायचा! आम्ही सवय करून घेतली. माणूस काय, कशाचीही सवय करून घेतो. लेक तेव्हा लहान होती, एकदा अंघोळ करून ओल्या पायांनी गेली आणि फ्रीजचं दार धरलं. धरलं ते सुटेना. मी लाकडी पाट घेऊन धावलो, ढकललं तिला, सुटली, पडली... आणि रडली नाही हो. रडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग कितीतरी वेळाने रडली. तो जो मधला वेळ आहे ना, तो माझ्या पोटातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लाकडी पट्ट्या आणल्या. शाळेतल्या, रेघा मारायच्या. प्रत्येक बोर्डाशेजारी खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला पट्टी. बटण दाबायचं ते पट्टीने. हाताने बटण दाबणं आमच्या घरात बंद! आलेला पाहुणा विचारायचा, "ही पट्टी कशाला?" आम्ही म्हणायचो, "दाबा ना बटण, दाबून बघा." पुन्हा विचारायचा नाही. लेक त्यातच वाढली. लग्न होऊन सासरी गेली, पहिल्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवा लाव." तर ही भिंतीवर इकडे बघते, तिकडे बघते, आणि विचारते, "पट्टी कुठंय?" तिच्या सासूबाईंना वाटलं, सूनबाई अभ्यासू आहे. जावई अजून मला चिडवतो. मी म्हणतो, चिडव बाबा, जिवंत आहे म्हणून चिडवतोयस.

तर एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना वायरिंग बदलायचं काढलं कोणी? नातीनं! ती झाली, मोठी होऊ लागली, आणि तिला एक खोड लागली... बोट. हे, हे बोट. दिसेल त्यात बोट घालायचं. बापाच्या डोळ्यात, आईच्या नाकात, चहाच्या कपात, चपलेच्या भोकात. आम्ही तिला बोटबाईच म्हणतो. फोनवर मला दिसायची ना, तर आधी बोट दिसायचं, सगळा पडदा भरून, आणि मग मागून नात. बरं, रांगायला लागली. आता तुम्ही मला सांगा, रांगणारं पोर, समोर आलेलं बोट, आणि आमच्या घरातले जमिनीलगतचे प्लग! भोकं, हो! तीन-तीन भोकं, खास बोटासाठी केल्यासारखी!

लेकीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, वायरिंग नवं झाल्याशिवाय मी हिला तुमच्या घरात खाली ठेवणार नाही." म्हटलं, नको ना ठेवूस, मी कडेवर घेऊन फिरीन. म्हणाली, "बाबा, हसण्यावारी नेऊ नका. मला अजून तो फ्रीज आठवतो." नात रांगायला लागली आणि मी तिला फोनवर बघतोय! माझ्या घराच्या फरशीला तिचे गुडघे लागलेले नाहीत! म्हटलं, ठरलं. भीती गेली खड्ड्यात, वायरिंग करायचं.

भीती खड्ड्यात गेली नाही. भीती माझ्याबरोबर इलेक्ट्रिशियन शोधायला आली.

पहिला आला तो बिनधास्त. त्याचं नाव माहीत नाही, मी ठेवलेलं नाव. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही, कानावर एक स्क्रू ड्रायव्हर, बस्स. भुवया दीड! दुसरी अर्धीच होती, उरलेली कुठे गेली विचारलं तर म्हणे, "कामात गेली." आला तो थेट बोर्डाकडे, झाकण काढलं, वायर बाहेर ओढली. मी ओरडलो, "अहो, मेन बंद आहे ना?" तर म्हणतो, "कशाला काका? उगाच तुमचा पंखा बंद होईल!" आणि बोटाला थुंकी लावून, तुम्हाला सांगतो, थुंकी लावून, नोटा मोजायला लावतात तशी, ते वायरला टेकवलं! खांदा असा उडाला, आणि म्हणतो, "आहे, आहे. पॉवर आहे." मी भिंतीला टेकलो, भिंतीनं मला परत पुढे पाठवलं. "काही होत नाही हो काका. काही होत नाही!" ज्या माणसाची अर्धी भुवई कामात गेलीय, तो मला सांगतोय काही होत नाही! मी त्याला हात जोडले, लांबूनच, म्हटलं, अहो, आम्ही घर विकायचं ठरवलंय. आत्ताच ठरवलं.

मग मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. म्हटलं, मला सांभाळून काम करणारा माणूस हवा. दुकानदार म्हणाला, "आहे एक. पण तुम्हाला चालणार नाही. फार घाबरट आहे." मी म्हटलं, पत्ता द्या! आत्ता द्या!

तो आला. दारात उभा. बेल नाही वाजवली, कडीही नाही, खिशातून लाकडाचा तुकडा काढला आणि त्यानं दार ठोठावलं. म्हटलं, बेल आहे की. म्हणाला, "काका, दुसऱ्याच्या बेलवर माझा विश्वास नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं! पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात रबरी मोजे, मोज्यांवर आणखी एक जोडी. दुकानात त्याला सगळे 'जपून' म्हणतात, कारण तो दर वाक्याला जपून म्हणतो. उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी त्यानं मान आत घातली आणि हळूच विचारलं, "मेन बंद आहे ना?"

अहो, आयुष्यभर हा प्रश्न मी जगाला विचारत आलो, आणि आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं! त्यानं पट्ट्या बघितल्या. सगळे हसतात पट्ट्या बघून, तो नाही हसला. म्हणाला, "छान केलंय. जपून केलंय." मी म्हटलं, तुम्हीही घाबरता? म्हणाला, "घाबरतो म्हणून तर तुमच्यासमोर उभा आहे. माझे गुरू घाबरत नव्हते." म्हटलं, कुठे असतात सध्या ते? म्हणाला, "फोटोत."

झालं, आमचं गोत्र जुळलं. बायको म्हणाली, "अहो, हा माणूस काम करेल ना? की तुम्ही दोघं नुसते एकमेकांना धीर देत बसाल?" आणि ती गेली लेकीकडे. लेकीची कामाची धावपळ, बाळाला बघायला कोणी हवं, शिवाय घरात सगळी धूळ उडणार, म्हणून काम होईपर्यंत ती तिकडे. आता नीट ऐका, घरात कोण उरलं? मी आणि जपून. इथेच चुकलं. घाबरणारा माणूस घरात एकच असावा, दुसरा असला की कोण कुणाला थांबवणार?

काम सुरू करायचं. कशानं? मेन बंद करून. आमचं मेन म्हणजे जिन्याखाली लोखंडी पेटी, गंजलेली, बाजूला लोखंडी दांडा. दांडा खाली ओढला की मेन बंद. मी म्हटलं, ओढा. तो म्हणाला, "तुम्ही ओढा काका, घर तुमचं." मी म्हटलं, धंदा तुमचा. तो म्हणाला, "पेटी जुनी आहे, तिला तुमच्या हाताची सवय असेल." पेटीला हाताची सवय! ती काय म्हैस आहे? पण बोलायची सोय नाही, कारण त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. शेवटी तोडगा निघाला. दांडा मी ओढायचा, लाकडी पट्टीनं. आणि माझ्या कमरेला कोरडी दोरी बांधून जपूननं मागे उभं राहायचं. मी चिकटलो तर ओढायला!

तुम्हाला सांगतो, मी उभा, कमरेला दोरी, हातात शाळेची पट्टी, मागे गमबुटातला माणूस दोन्ही हातांनी दोरी ताणून, "काका, जपून... काका, जपून..." आणि नेमकी वरची शेजारीण भाजी घेऊन जिना चढतेय. थबकली. म्हणाली, "भाऊ, वहिनी घरी नाहीत का?" म्हटलं, नाही. म्हणाली, "तरीच." आणि भाजीसकट तिथेच पायरीवर बसली, बघायला!

ओढला! खाडकन आवाज झाला, त्या आवाजाला घाबरून जपूननं दोरी ओढली, मी पाठीवर, पट्टी छताला. पण फ्रीज गुरगुरायचा थांबला. मी पडल्या पडल्या विचारलं, "मेन बंद आहे ना?" जपून म्हणाला, "असावं." असावं! असावं काय? हे काय लग्नाचं आमंत्रण आहे, अगत्याचं येणं असावं? म्हटलं, टेस्टर लावा. त्यानं टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे तो स्क्रू ड्रायव्हरसारखा असतो बघा, पोटात छोटासा दिवा, वायरमध्ये वीज असली की दिवा लागतो. नाही लागला. माझा जीव भांड्यात पडला. तर जपून म्हणतो, "काका, दिवा लागला नाही म्हणजे दोन गोष्टी. एक तर वीज बंद आहे, नाही तर टेस्टर बिघडलाय."

भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर! म्हटलं, मग टेस्टर चांगला आहे की नाही हे कसं बघायचं? म्हणाला, "चालू वायरला लावून." म्हटलं, पण चालू वायर कुठंय, आपण मेन बंद केलंय. म्हणाला, "मग मेन चालू करा." पुन्हा दोरी! पुन्हा पट्टी! दांडा वर, टेस्टर लावला, दिवा लागला. चांगला आहे. दांडा खाली, टेस्टर लावला, दिवा लागत नाही. बंद आहे. मी म्हटलं, झालं? म्हणाला, "काका, मधल्या काळात बिघडला असला तर?" आणि तुम्हाला खरं सांगू? मला पटलं! मीच म्हणालो, बरोबर आहे, बांधा दोरी! शेजारीण पायरीवर बसून मटार सोलत होती, ती शेवटी वैतागली. म्हणाली, "अहो भाऊ, रेडिओ लावून बघा ना. वाजला तर चालू, नाही वाजला तर बंद." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "रेडिओ बिघडला असला तर?" बाई मटार उचलून घरी निघून गेली. तिची काही शालेय प्रगती झाली नसावी असं त्या वेळी मला वाटलं, आता वाटत नाही.

असो. तर कामाला लागलो. भिंतीत खाचा पाडायच्या, त्यात पाईप, पाईपात वायर, वरून प्लास्टर. एकदा प्लास्टर झालं की झालं, बोर्ड जिथे आहे तिथे जन्मभर. म्हणून आधी सगळं ठरवायचं, खडूनं भिंतीवर खुणा करायच्या. दिव्यांचं ठरवताना जपूननं मला जे घाबरवलं ना... बायकोनं सांगून ठेवलं होतं, जेवायच्या टेबलावर एक लटकणारा दिवा हवा, छान खाली आलेला, मंद. जपून म्हणाला, "लटकणारा? जेवताना? डोक्यावर? वायरच्या जोरावर?" प्रत्येक शब्दाला माझा घास अडकला. दिवा छताला चिकटवून टाकला. बायकोला बिछान्याशेजारी वाचायला दिवा हवा होता. "उशीजवळ वीज?" रद्द. मी म्हटलं, निदान आरशावर? म्हणाला, "काका, आरसा, पाणी, आणि वीज. तिघं एका ठिकाणी." असा आवाज काढला, जणू तीन दरोडेखोर एकत्र आलेत. तोही दिवा आरशापासून इतका लांब गेला की आता आरशात मला मी दिसत नाही, दिवा तेवढा दिसतो.

आणि मग आले बोर्ड. बायकोचा फोन आला. म्हणाली, "अहो ऐका, प्लग आणि बटणं जरा वर घ्या. बाळ रांगतंय, सगळीकडे बोट घालतंय." बस्स, एवढंच म्हणाली. जरा वर घ्या. मी जपूनला सांगितलं, जरा वर घ्या. तो म्हणाला, "जरा म्हणजे किती?"

बघा हं, इथून पुढे मी कुठे चुकलो ते तुम्ही सांगा. आम्ही शांतपणे विचार केला. नात रांगते, म्हणजे गुडघ्याच्या वर. खूण केली. जपून म्हणाला, "पण काका, रांगणारं पोर उभं राहणार." खरं आहे. कमरेच्या वर. मी म्हटलं, उभी राहिली की चालणार, चालली की स्टूल ओढणार, आमची लेक ओढायची. म्हणाला, "म्हणजे स्टूल अधिक पोर." छातीच्या वर. म्हटलं, आणि पोर वाढणार ना? शाळेत जायला लागलेलं पोर स्टुलावर चढलं तर? म्हणाला, "स्टुलावर डबा ठेवून चढलं तर?" म्हटलं, आणि चवड्यांवर उभी राहिली तर? त्यानं खडू वर नेला. तोंडातून "जपून, जपून" चाललेलंच. मी म्हटलं, आणि बोट? तिचं ते बोट पुढे काढलेलं असतं, ते धरलंत का? म्हणाला, "बोट राहिलंच!" आणि शेवटची खूण झाली ती दाराच्या चौकटीच्या वर.

आम्ही दोघं मागे सरकून बघत राहिलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खाली सगळी भिंत गुळगुळीत, भोक नाही, बटण नाही, काही नाही. मी जपूनला म्हटलं, आता माझी नात कुठेही बोट घालू दे. त्यालाही भरून आलं. त्यानं वर एक नवा स्विचही बसवला, वीज कुठे जराशी जरी गळली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत घर बंद करणारा. म्हणाला, "काका, आता या घरात भीती नाही." मी सगळ्या पट्ट्या खिळ्यांवरून काढल्या, जुडी बांधली आणि माळ्यावर टाकली.

प्लास्टर झालं. रंग झाला. बायको परत आली.

हॉलमध्ये उभी राहिली. खालून वर बघत गेली, बघत गेली... आमची ही उंचीनं बेताची. चवड्यांवर उभी राहिली तर फ्रीजवरचा डबा निघतो, एवढीच. मान मागे गेली, पदर खांद्यावरून सरकला, तरी बघतेय.

"अहो, हे काय आहे?"

"बोर्ड."

"बोर्ड आहेत ते दिसतंय मला. ते तिथे काय करतायत?"

"तूच म्हणालीस, जरा वर घ्या."

"जरा!" अहो, तो 'जरा' वरच्या शेजारणीनं ऐकला! "जरा वर म्हणजे हातभर हो! मी दिवा कसा लावू? उडी मारून?" मी म्हटलं, अगं, सुरक्षित आहे. म्हणाली, "सुरक्षित आहेच. बटणाला हातच लागणार नसेल तर शॉक बसेल कोणाला? मग वीज तरी कशाला घेतलीत, मेणबत्त्याच लावायच्या होत्या!" आणि तुम्हाला सांगतो, ती तरातरा माळ्यापाशी गेली, मला वर चढवलं, पट्ट्यांची जुडी काढायला लावली, त्यातली एक झाडूच्या दांड्याला सुतळीनं करकचून बांधली... आणि खालून हॉलचा दिवा लावला. टक्! घरभर नवं वायरिंग, आणि पट्टी परत हातात! मीही पोचत नाही बरं का, मी चवड्यांवर उभा राहिलो तर माझं बोट आणि बटण यांच्यात एवढं अंतर राहतं, एवढंच, जीव जाईल असं!

मग लेक आली. नातीला घेऊन. झाडूची पट्टी बघितली, वर बोर्ड बघितले, डोळे मिटले फक्त. भिंतीला हात लावला, मुंग्या नाहीत. नळाला लावला, नाहीत. फ्रीजसमोर गेली... टॉवेल न घेता... थांबली थोडी. मी मागे उभा, पाट घेऊन, हो, पाट घेऊन! तिनं दार धरलं. काही नाही. वळली, माझ्या हातातला पाट बघितला, नाक ओढलं, आणि नातीला खाली ठेवलं. माझ्या घराच्या फरशीवर. खाली!

ती निघाली. बोट पुढे, मागून नात. भिंतीपाशी गेली, बोट लावलं. गुळगुळीत. सरकली, पुन्हा लावलं. गुळगुळीत. अख्खा हॉल फिरली, स्वयंपाकघर फिरली, भिंत धरून धरून, तिच्या घरी दर भिंतीला काहीतरी सापडतं हो, इथे नुसता रंग! आणि मग ती हॉलच्या मधोमध बसली, बोट वर केलं, थेट बोर्डाकडे, आणि जो गळा काढलाय! खेळणी दिली, फेकली. बिस्कीट दिलं, फेकलं. बोट काही खाली येईना. बायको म्हणाली, "अहो, उचला तिला, जिथे जायचंय तिथे न्या!" म्हटलं, तिथे? तिला तिथे जायला मिळू नये म्हणून तर एवढं घर फोडलं! लेक म्हणाली, "बाबा, आता काही होत नाही. द्या तिला." काही होत नाही! तेच शब्द, दीड भुवईवाल्याचे! पण पोर रडतंय, काळजाचं पाणी झालं माझ्या... मी रबरी चपला घातल्या, नातीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि खालून ओरडलो, "मेन बंद आहे ना?"

टक्.

दिवा लागला. आणि ती हसली! अशी हसली, वरून माझ्या टकलावर लाळ! टक्, बंद. टक्, चालू. टक्, टक्, टक्... आणि मी खाली, डोळे मिटून, पायात चपला. मी म्हटलं, चपला मी घातल्यात, तिला कुठे आहेत? लेक म्हणाली, "बाबा, तिचे पाय जमिनीला लागतच नाहीयेत." खरंच की! घरात सगळ्यात सुरक्षित कोण? तीच!

तेव्हापासून हेच. संध्याकाळ झाली की बायको हाक मारते, "अहो, दिवे लावायचेत, बोटबाईंना आणा!" झाडू कोपऱ्यात पडून आहे. मी नातीला वर धरून खोलीखोलीतून फिरतो, माझे खांदे भरून येतात, दंड दुखतात, आणि ती भीती काही गेली नाही हो, अजिबात नाही, प्रत्येक टक् ला इथे चर्र होतं... पण वरून ते हसू आलं ना, की मीच म्हणतो, चला, आता मोरीचा दिवा राहिला. एवढं वायरिंग केलं कशासाठी? तिचं बोट बटणापर्यंत पोचू नये म्हणून! आणि आज अख्ख्या घरात कोणाचं बोट पोचतं? तिचंच! जपूनला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "काका... तुम्हीच तिला उचलून धराल, हे आपण धरलंच नव्हतं."

परवा दोघी परत जातायत. काल लेक सामान भरता भरता म्हणाली, "बाबा, आम्ही गेल्यावर दिवे कसे लावणार तुम्ही? झाडूनं?" म्हटलं, झाडूनं कशाला? आम्हा दोघांना कुठे एवढं काय बघायचंय? तू हिला घेऊन ये, आली की लावू सगळे... तोपर्यंत आमचं मेन बंद.